धूर निळा होईपर्यंत

सोमवारी रसायनशास्त्राची परीक्षा, आणि आज
लिटियाच्या वरच्या डोंगरात, यर्नेयमामाच्या भट्टीवर
माझी पहिली एकटीची राखण.
बीचच्या ओंडक्यांचा ढीग, त्यावर नेचे, त्यावर माती.
दुरून वाटतं, कुणी जाडजूड बाई
घोंगडं पांघरून वाफारा घेत बसलीय.

वहीत लिहिलंय : इंधन, ऑक्सिजन, पेटण्यापुरती उष्णता.
तिन्ही जमले की ज्वाला. मग निघतात
कार्बन डायऑक्साइड, पाणी, उजेड आणि खूप सारी ऊब.
मामानं वही उलटीसुलटी पाहिली. म्हणाला,
"तिघांना नीट जमू द्यायचं नाही,
त्याचेच तर मला पैसे मिळतात."

चौथा दिवस. धूर अजून पांढरा :
लाकडातलं पाणी चाललंय.
पुढे पिवळट होईल, डांबरासारखा डोळ्यांत झोंबेल,
आणि निळा झाला की ते भोक बुजवायचं,
हातभर खाली नवं पाडायचं.
मामाचं समीकरण एवढंच. दोन्ही बाजू
तो फावड्यानं सारख्या करतो.

झोपडीचं दार मात्र सताड उघडं.
लोय्झेमामा, त्याचा थोरला भाऊ,
थंडी वाजते म्हणून दार लावून झोपला,
वारा फिरला, आणि तो उठलाच नाही.
गाल गुलाबी होते म्हणे, जत्रेतून आल्यासारखे.
त्या वायूला वास नसतो.
कार्बनला ऑक्सिजनचा एकच अणू मिळालेला,
दुसऱ्यासाठी तो कुणाच्याही रक्तात शिरतो
असं मी लिहिणार होते. बाई काट मारतील.

अडीच वाजता उत्तरेची माती खचली.
मूठभर भोक, आत लालबुंद,
आणि हवा शीळ घालत आत.
शिडी, टोपली, ओली माती, नेचे, पुन्हा माती.
पिवळी ज्वाला म्हणजे न जळलेला कार्बन तापून उजळतो,
पाठ होतं मला.
भुवया करपतील इतक्या जवळून आजच पाहिलं.

उजाडताना मामा आला. माझ्या ठिगळावर
तळहात ठेवून उभा राहिला, बोलला काहीच नाही.
गेल्या वर्षीच्या कोळशावर त्यानं कॉफी ठेवली.
ना धूर, ना ज्वाला. नुसता लाल, गप्प विस्तव.

मी वही उघडली. ऑक्सिजनपुढचा आकडा
मी जास्तच लिहून ठेवला होता.
बोटानं पुसायला गेले,
तर होता त्याहून काळा झाला.