एकोणिसावी काच

एर्झुरुममध्ये मार्च सरला तरी बर्फ हटत नाही.
प्राणिगृहाच्या पायऱ्यांवर हिक्मेतकाका मीठ टाकतात,
मग आत जाऊन अठ्ठावीस पांढऱ्या उंदरांना
आधी सलाम, मग दाणे.

चार गट, गटात सात.
पहिल्यांना नुसतं मिठाचं पाणी.
दुसऱ्यांना ते लाल औषध.
तिसऱ्यांना संत्र्याच्या सालीतून काढलेली
फिकट पूड, पाण्यात ढवळून.
चौथ्यांना दोन्ही: आधी पूड, मग लाल.

ते लाल माझ्या ओळखीचं.
तीन वर्षांपूर्वी आईच्या हातातल्या नळीतून
थेंब थेंब उतरताना मी ते मोजत बसले होते.
डाळिंबाचं सरबत गं, ती म्हणाली होती.
स्तनातली गाठ गेली
आणि जाता जाता
घराच्या बावीस पायऱ्या घेऊन गेली.
आता ती तळमजल्यावर, मावशीकडे असते.

सतराव्या दिवशी भूल देऊन
एकेक हृदय काढलं, टिपकागदावर टेकवलं, तोललं.
जेमतेम ग्रॅमभर.
हिक्मेतकाका सिगरेट ओढायला बाहेर गेले
आणि पेटवलीच नाही.

काचांवर फक्त आकडे.
कोण कुठल्या गटातला, ते काकांच्या खणात,
बंद पाकिटात.
भिंगाखाली कुठे धागे उसवलेले, मधे भोकं,
कसर लागलेली शाल जशी.
आणि एकोणिसावी काच:
नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखे सरळ धागे.
मी तिथेच थांबले.
हीच. पूड आणि लाल, दोन्ही पचवलेली.
'इजा शून्य' लिहिताना पेन जरा जोरातच टेकलं.

मुअल्लाबाई मागून वाकल्या:
"दिसलं ते लिहिलंस, की हवं ते?"

पाकीट फुटलं.
एकोणीस: पहिला गट. मिठाचं पाणी.
ज्याला कुणी काही केलंच नव्हतं
त्याचं हृदय चांगलं होतं,
एवढाच माझा शोध.

चौथ्या गटातही भोकं होती.
कमी होती.
निबंधात आम्ही 'लक्षणीय' लिहू,
आकड्यांचा तेवढा हक्क आहे.

रविवारी आई संत्रं सोलत होती.
साल शेगडीवर ठेवायची तिची सवय, घरभर वास.
"म्हणजे जन्मभर मी औषधच जाळत आले?"
नाही गं. पूड निराळी, माप निराळं,
आणि उंदीर म्हणजे काही...
"जियेरिम," ती म्हणाली. म्हणजे, काळजा.
लहानपणापासून मला हेच म्हणते.
"कमी म्हणजे किती पायऱ्या?"

दातांत साखरेचा खडा धरून मी चहा पीत राहिले.
तो विरघळेपर्यंत बोलता येत नाही.

मग ती उठली, कठडा धरला.
नऊपर्यंत गेलो.
तिथेच बसून
उरलेलं संत्रं खाल्लं.