नाकासमोर

साडेसातच्या बातम्या संपल्या की
द्वारकेच्या ऑफिसातला फोन वाजायचा.
बोरस्ते. दिंडोरी नाका. रिटायर्ड.
"त्या निमसेबाईंना सांगा,
नाक फार मधे येतं.
बातमी दिसतच नाही."

पहिल्यांदा मी बेसिनपाशी जाऊन रडले.
आरशात या बाजूने, मग त्या बाजूने.
शोभामावशीने नाकाच्या दोन्ही कडांना
गडद पावडरच्या रेघा ओढल्या.
"घे, चाफेकळी."
दुसऱ्या दिवशी फोन: बाईंना सर्दी झालीय का?

कुणी गळ्याच्या वळ्या मोजून पोस्टकार्ड टाकायचं.
कुणी लिहायचं, दिव्याखाली राखेसारखी दिसते.
ती सगळी चिवड्याच्या डब्यात. झाकण घट्ट बसतं.
मुनाफ काही न बोलता
कॅमेरा दोन बोटं वर घ्यायचा.
मावशी म्हणाली, अगं, या गावाचं नावच
एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलंय.
तू आख्खं घेऊन रोज समोर बसतेस.
बघणारच.

मग ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं.
गाडगे महाराज पुलावर मी,
पावडर पाचव्या मिनिटाला हनुवटीवरून गळालेली.
गंगेचा पूर मोजायला इथे पट्टी लागत नाही,
दुतोंड्या मारुती लागतो.
गुडघे. कंबर. दुपारी बेंबी.
दर अर्ध्या तासाला मी एका देहाकडे बोट करून
सांगत होते, कुठवर बुडाला,
आणि गाव श्वास धरून त्याच्याकडे बघत होतं.
कुणालाच तो जाड वाटला नाही.

ऑफिसचे फोन माझ्या मोबाइलवर वळवलेले.
"बोरस्ते बोलतोय. कुठपर्यंत?"
"छातीला."
मागे भांडी हलवल्याचा आवाज.
"बहीण सरदार चौकात असते. तळमजला."
"वर न्या त्यांना. आत्ता."
"बरं."
मग ठेवता ठेवता,
"तुम्ही कठड्यापासून मागे व्हा."

रात्री पाणी गळ्याशी थांबलं.
मी तसंच सांगितलं: नाकाच्या खाली, चार बोटं.
मुनाफने कॅमेरा खाली घेतला
आणि लेन्स शर्टाला पुसली.

चौथ्या दिवशी बातम्या पुन्हा स्टुडिओतून.
सँडलच्या टाचेत अजून गाळ.
मावशी ब्रश घेऊन आली, म्हटलं, रेघा राहू दे.

साडेसात संपले. फोन मीच उचलला.
"बहीण बरी आहे. गादी गेली, टीव्ही गेला."
"हं."
"आणि ते नाक तुमचं..."
"हो," मी म्हणाले,
"मधेच आहे."