तिसरं दार

उमरे मॅडमनी नववीतल्या आम्हा सहा जणींना
आठवीची एकेक नवी पोरगी नेमून दिली
आणि काय काय दाखवायचं ते फळ्यावर लिहिलं.
वाचनालय. प्रयोगशाळा. सूचनाफलक.
प्रयोगशाळेला कुलूप असतं,
किल्ली नागोसे सरांच्या गाडीच्या जुडग्यात
आणि गाडी वणीला.

माझ्या वाट्याला आली टेकाम मैना लेतू,
हजेरी क्रमांक सत्तेचाळीस,
पोडावरून तीन किलोमीटर पायी फाट्यापर्यंत,
पुढं मानव विकासची निळी बस.
सातवीपर्यंत एक गुरुजी, एक खोली, अकरा पोरं.
इथं दर पस्तीस मिनिटांनी माणूस बदलतो.
पहिल्या तासाची घंटा झाली
तशी ती दप्तर घेऊन उभी राहिली,
घरी जायला.

हजेरीला इथं म्हणतात, प्रेझेंट सर.
ती म्हणाली, "हाव जी."
वर्ग हसला, भिंतीपलीकडं आम्हालाही ऐकू आलं.
मागच्या बाकावरचे दोन पोट्टे
दिवसभर एकमेकांना हाव जी, हाव जी करत राहिले,
जसं काही यांच्या घरी
आई इंग्रजीत भाकरी थापते.

मी तिला यादीप्रमाणं फिरवलं.
वाचनालय, म्हणजे दोन कपाटं. तिनं मान हलवली.
सूचनाफलक, त्यावर मागल्या वर्षीची सहल. मान हलवली.
टाकीपाशी म्हटलं, पाणी पी.
"नाई लागली तान."
जून सरत आला तरी वारा भट्टीतून आल्यासारखा,
आणि तिची बाटली काठोकाठ,
सकाळी भरली तशीच.

ही न लागणारी तहान मी ओळखते.
मागच्या वर्षी मलाही लागायची नाही,
शाळा उघडल्यापासून पार पोळ्यापर्यंत.
ओठ फुटायचे, चौथ्या तासाला डोकं ठणकायचं,
आणि सरांना वाटायचं
ढवसची पोरगी गणितात कच्ची आहे.

मग यादीत नव्हतं ते दाखवायला नेलं,
सायकलींच्या मागं, कडुनिंबापलीकडं.
"पयल्यात नळ नाई. दुसऱ्याले कुलूप, थे मॅडम लोकायचं.
तिसऱ्याची कडी तुटली.
तू जाय. मी दार धरून उभी आहो."
तिनं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"कोनी आलं तं?"
"येऊ दे. माह्या पाठीतून जाईन का कोनी?"

पत्रा तापलेला. मी पाठ लावली.
आतून आवाज, "आहे का वो ताई?"
"आहो."
दोन श्वासांनी परत, "आहे का?"
"आहो ना वो."
बाहेर येऊन ती सरळ टाकीवर गेली
आणि ओंजळीनं इतकं प्याली
की कॉलर भिजली, रिबीन भिजली.

मॅडमनी विचारलं, दाखवलं ना सगळं?
मी हो म्हटलं, सही केली.
कडीसाठीचा अर्ज आम्ही दिवाळीआधीच दिलाय.
अर्ज फाईलमध्ये आहे, फाईल कपाटात.
कपाटाला कडी आहे.

नागपंचमी होऊन गेल्यावर कधीतरी
मैनानं दप्तरातून बांबूचा एक तुकडा काढला,
एका टोकाला तासलेला, भोक पाडून सुतळी ओवलेला.
लेतूनं टोपल्यांच्या कामट्या काढता काढता
केला म्हणे तिच्यासाठी.
माप तिनं दुसऱ्याच दिवशी घेतलं होतं,
दोन बोटं आणि एक नख.
मी बाहेरून ढकललं, खांदा लावून ढकललं,
दार हललं नाही.
झालं, आता कोणी उभं राहायला नको,
असं मी म्हटलं
आणि उगाच जरा वाईट वाटलं.

काल मी आत होते. खिट्टी लावलेली, पक्की.
बाहेरून पत्र्यावर पाठ टेकल्याचा आवाज आला.
मी विचारलं, "आहे का वो?"
"हाव जी," ती म्हणाली,
आणि मग कोलामीत काहीतरी, हसत हसत,
जे मला अजून येत नाही.