शॉट एकशे बारा

सातव्यांदा पाडली इमारत
आणि सातव्यांदा रुबेन सर म्हणाले,
बिस्किटासारखी पडतेय गं ही,
चहात बुडवलेल्या.

बाणेरला, चौथ्या मजल्यावर, पडदे ओढून
मी रोज सहा मजले पाडते.
भिंती आधीच फोडून ठेवायच्या, उभ्या असतानाच.
एकवीस हजार तुकडे, प्रत्येकाला नंबर.
मग तुकड्याला तुकडा डिंकाने चिकटवायचा
आणि डिंकाला सांगून ठेवायचं
किती ओझं आलं की हात सोडायचा.
गुरुत्वाकर्षण एका चौकटीत लिहायचं असतं.
एकदा रात्री उणेचं चिन्ह राहून गेलं
तर अख्खी इमारत खिडक्यांसकट
सावकाश वर निघून गेली.
कुणाला दाखवलं नाही. फाइल आहे अजून.

सहकारनगरात 'मधुमालती' पाडत होते.
हिरवी जाळी, पोकलेन, रस्ताभर पांढरी पावडर.
तीन सकाळी स्कूटर लावून
मी मोबाइल धरून उभी राहिले.
वॉचमन म्हणाला, तुमचा फ्लॅट होता का इथे?
नाही म्हटलं.
त्याला ते पटलं नाही, त्याने खुर्ची आणून दिली.

तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघर उघड्यावर आलं,
गुलाबी फरशा, साबणाचा कोनाडा.
शेजारची भिंत गेली
आणि एक स्विचबोर्ड राहिला वायरीला लोंबत.
स्लॅब खाली येऊन निपचित झाला,
धूळ बसली,
मशीन बंद करून माणसं डबे उघडायला गेली,
तरी तो हलतच होता,
डावीकडे, उजवीकडे,
दोन बटणं चालू.

मल्लेशी, पोकलेनवाला, जतकडचा.
भाकरीवर शेंगाचटणी, एका हातात माझा मोबाइल.
माझी इमारत त्याने दोनदा पडताना पाहिली.
चांगलंय म्हणाला. मग बोट स्वच्छ पुसून
स्क्रीनवर टेकवलं:
ह्यात लोखंड कुठाय?
काँक्रीट लगेच मरतं ताई, लोखंड सोडत नाही.
अन् घर आधी पडत नसतं.
आधी बसतं.
जरा इचार करतं.
मग पडतं.
आणि धुरळा एवढा केलाय,
पाणी मारणारं पोरगं कुठं गेलं तुमचं?
समोरची बाई शिव्या घालंल,
वाळवण घातलंय तिनं.

त्या रात्री मी खांबांत सळया घातल्या,
वाकणाऱ्या, हट्टी,
तुटलेल्याला धरून ठेवणाऱ्या.
डिंक बदलला. मजल्यांना वजन दिलं,
आत राहिलेल्या कपाटांचंसुद्धा,
जी कुणाला दिसणार नव्हती.
पडण्याआधी नऊ फ्रेम ठेवल्या विचाराच्या.
आणि तिसऱ्या मजल्यावर, हिशेबाबाहेर,
वायरीला लोंबता एक स्विचबोर्ड.

रुबेन सरांनी पाहिलं.
चष्मा काढला, शर्टाला पुसला,
परत लाव, म्हणाले.
परत लावला.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाले, धूळ जरा कमी कर. बाकी जाऊ दे.

सिनेमात तो शॉट दीड सेकंद आहे.
हीरोच्या कानामागे, धूसर.
सहा मजले, एकवीस हजार तुकडे,
त्याच्या केसांएवढे.
स्विचबोर्ड तीन ठिपक्यांचा असेल,
पण हलतोय. मी थिएटरात मोजलं,
शॉट कापला तेव्हाही थांबला नव्हता.

'मधुमालती'च्या जागी आता खड्डा,
पत्र्याच्या कुंपणावर नव्या बत्तीस मजल्यांचं चित्र,
तेही कुणीतरी आमच्यासारख्यानेच
रात्री जागून केलेलं.
झाडांची पानं जरा जास्तच हिरवी.

मल्लेशीला पूर्ण शॉट पाठवला.
सकाळी उत्तर आलं, आवाजातच,
मागे मशीनची घरघर, धनकवडीत कुठेतरी:
बसली बघा आता बरोबर.
पण ताई,
ते पाणी मारणारं पोरगं
अजून दिसंना.