शेपटाचं काम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
एजाज नदाफची जुनी एस्टीम विटांवर उभी आहे.
पुढचं सगळं करून झालंय:
नाक खाली आणलं, फटी बुजवल्या,
आरसे काढले, वायपर काढले,
टर्बो भंगारातून उचलून बसवला.
तरी चारशे दोन मीटरला
साडेतेरा सेकंदांच्या खाली काटा उतरेना.

एजाज म्हणतो, इंजिन.
तो काहीही बिघडलं तरी इंजिनच म्हणतो,
बायको रुसून होटगीला गेली तेव्हाही म्हणाला होता.

मी म्हणते, मागे बघ.
पुढून वारा फाडणं कुणालाही जमतं.
मागे तो पुन्हा सांधला गेला नाही
की बंपरपाशी एक पोकळी उरते,
आणि ती पोकळी, हात नसताना,
गाडीला धरून ठेवते.

शेजारच्या टॉवेल कारखान्यातून
नरसय्या कुडक्यालांनी लाल सुताची एक कांडी दिली.
चार-चार बोटांचे तुकडे केले, एकशे चाळीस,
आणि छतापासून डिकीपर्यंत चिकटपट्टीनं लावले.
गाडी ओवाळणीला निघाल्यासारखी दिसायला लागली.

चिंचोळीच्या रिकाम्या प्लॉटांमधला सरळ रस्ता,
वॉचमनला सांगून, पहाटे साडेपाच.
एप्रिलचं ऊन तेव्हाच डोळे चोळत होतं.
श्रीदेवीच्या स्कूटरवर उलटी बसून मी मोबाईल धरला.
स्कूटर मागे पडायच्या आत जे दिसलं ते एवढंच:
छतावरचे दोरे तेल लावून विंचरल्यासारखे,
आणि मागची काच उतरताच
सगळे भांबावलेले.
एक दोरा तर चक्क पुढे,
एजाजच्या मानेकडे बोट दाखवत होता.

नरसय्यांनी व्हिडिओ हातभर लांब धरून पाहिला.
"हे तर तुटलेले धागे हायेत की गं.
काय करायलाव तुम्ही पोरं?"
मग खिशातून धोटा काढून टेबलावर ठेवला.
कारखान्यात रेपियर आल्यापासून
तो बिलांवर वजन म्हणून असतो.
दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये गुळगुळीत झिजलेला.
"मागनंबी टोक कशाला?" एजाजनं विचारलं.
"परत यायचं असतंय त्याला.
तुमची गाडी येत न्हाई व्हय?"
येते, मी म्हटलं, टेम्पोच्या मागे, दोरीनं.

धोट्यासारखं शेपूट करायचं
तर अडीच मीटर पत्रा लागणार,
आणि शेडचं दार बंद होणार नाही.
म्हणून अर्ध्या मीटरवर थांबलो,
विळीवर भेंडी कापावी तसं सरळ कापलं.
याचं मला अजून नवल वाटतं:
कापलेला भाग आहेच असं समजून
वारा बराच वेळ मिटत जातो,
बघायला वळत नाही.
फक्त उतार घाईचा नको.
बारा अंशांना दोरे निजलेले होते.
सोळाला पुन्हा बोंब.
दोन पत्रे वाया, माझ्या अंगठ्याला तीन टाके.

दुसऱ्या रविवारी सात शतांश कमी झाले.
सात शतांश.
एवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही.
एजाजनं घड्याळ झटकलं, पुन्हा पाहिलं,
मग गाडीला फेरी मारून मागे आला
आणि अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तळवा ठेवून उभा राहिला.
इंजिन म्हणाला नाही.

डाव्या कोपऱ्यातला एक दोरा मात्र
अजून थरथरतो.
तिथे काहीतरी सांधलं जात नाहीये,
काय ते कळलेलं नाही.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा
नरसय्या दारात आले, घामानं बनियन पाठीला चिकटलेलं.
वेळ विचारली नाही.
"उरलेली कांडी दे," म्हणाले,
"सुताचा हिशेब मालकाला द्यावा लागतो."
मी कांडी दिली.
कोपऱ्यातल्या दोऱ्याचं बोलले नाही,
पण जाताना ते तिथेच वाकले,
बोट ओठांना लावून ओलं केलं
आणि त्याचं विसकटलेलं टोक
एकदा पिळून गेले.