छातीचं हाड

पेटी मंगळवारी आली, एस.टी.च्या टपावरून.
आत थर्माकोलचा चुरा आणि प्लास्टरचं एक हाड.
सोबतच्या कागदावर: पक्षी, न उडणारा, बेटावरचा, नामशेष.
मूळ हाड दगड होऊन कुठे तरी काचेत आहे,
हे त्याचं सोंग.
शुक्रवारपर्यंत वापरा, परत करा.

वर्ग चौथी, पट एकोणीस.
बेट म्हणजे काय, इथपासून सुरुवात.
समुद्र कुणी पाहिलेला नाही; मीही एकदाच,
लग्नानंतर, आणि तेव्हा ओहोटी होती.
धरणाच्या पाण्यात जुन्या गावठाणाची टेकडी उरते,
ती दाखवली खिडकीतून.
"पण म्याडम, उन्हाळ्यात तिथं पायी जाता येते,"
पल्लवी कोडापे म्हणाली.
मग ते बेट नव्हे, म्हणाले मी,
आणि पुढचं सुचेना.

दिलचंद पवार दाराशी उभा होता,
नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी
शाळेचा कागद मागायला, तिसऱ्यांदा.
फासे टाकणं त्याने कधीच सोडलं;
सोडलं, असं तो सांगतो.
त्याने हाड मागितलं. दिलं.
डोळे मिटून मधोमध अंगठा फिरवला,
माणूस विळा घेताना फिरवतो तसा.
"याच्या छातीले धारच नाई."

कागदावर हेच होतं, अकरा ओळींत.

तितराची धार त्याने हवेत दाखवली, दोन बोटांनी:
फाळासारखी उभी,
दोन्ही अंगांना मास, पंख ओढणारं.
लाव्याची एवढीशी, नखाएवढी. पण असते.
"मंग हा उडे कसा?"
नव्हता उडत.
"काहून?"
मी वाचून दाखवलं: बेटावर शिकारी नव्हता.
तो बराच वेळ हाडाकडे बघत राहिला.
"म्हंजे आमच्यातला कोणी गेलाच नोता तिथं."
पोरं हसली. तो हसला नाही.
"भेव गेलं का पंख जातेत.
अन् मंग येते भेव, एखांद्या दिवशी, नावेत बसून.
तवा काय करन थो?"

मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं,
तो ओरडे कसा?
कागदावर उंची होती, वजन होतं, अंड्याचा घेर होता.
आवाज हाडात राहत नाही.
सगळ्यांनी दिलचंदकडे पाहिलं.
तालुक्यातला कुठलाही पक्षी तो तोंडाने बोलावतो:
तितराचा नर, तितराची मादी,
रागावलेली, कळपातून चुकलेली,
एकटी पडल्याचं नाटक करणारी.
त्याने तळहात ओठांशी नेला.
गळ्याची घाटी हलली, वर, खाली.
बाहेर हापशी चालू होती.
हात खाली आला.
"ऐकल्याबिगर कसा काढू?"

शुक्रवारी पेटी भरली.
थर्माकोल तोवर पोरांनी वाऱ्यावर उडवला होता,
म्हणून गुणवंत ठमकेच्या घरून
सरकीसकट कापूस आणला, हाड त्यात निजवलं.
नोंदवहीत रकाने: वस्तू, नग, परत करतेवेळची स्थिती.
स्थिती: चांगली.
पेटी गेली. एक सरकी टेबलावर राहिली.

दिलचंदला कागद दिला त्याच दिवशी.
सोमवारी तो पुन्हा दाराशी.
तहसिलात आता पणजोबाच्या गावाचा पुरावा मागतात,
पन्नास सालाच्या आधीचा, लेखी.
"एवढं लेखी कोनाजौळ असते?"
मग जरा थांबून, हळूच,
"तोंडी चालन काय?"