माया किती सोडायची

वडगावात, मागांच्या खडखडाटाला लागून
माझं दुकान. पाटी दोन्ही लिप्यांत: लेडीज टेलर.
बावीस वर्षं बायकांची मापं घेतली,
स्वतःचं घेतलं नाही.
टेप साठ इंचांची. एका दिवाळीला ती मला पुरायची थांबली,
तेव्हापासून माझं ब्लाउज मी अंदाजानं कापते,
आणि अंदाज, मेला, माझ्याशी नेहमी गोड बोलतो.

डॉक्टर यरगट्टींनी कागदावर पोट काढलं,
पखालीसारखं, तिरकं.
हे स्लीव्ह, म्हणाल्या. चारातले तीन वाटे काढून टाकायचे,
उरतं ते केळ्याएवढं.
स्लीव्ह म्हणजे बाही. बाही मला कळते की!
उभी कात्री, एक लांब टीप,
टाचण्या तेवढ्या आतच राहणार.
मी विचारलं, माया किती सोडता?
त्यांचं मराठी तिथं अडलं,
माझं कन्नड त्याच्या बरंच अलीकडं अडलेलं.
नर्स म्हणाली, मॅडम, प्रीती विचारतायत त्या.
मग मी रुमाल दुमडून दाखवला:
शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड,
बाई सुटलीच तर उसवून वाढवायला.
त्या रुमालाकडं बघत राहिल्या जरा वेळ.
नाही, म्हणाल्या, यात तसलं काही नसतं.
कापलं ते गेलं.

दुसरं बायपास.
वरती अंड्याएवढी पिशवी, आतड्याला नवी वाट,
जुनं पोट जाग्यावरच,
पण जेवण त्याच्याकडं जायचं नाही.
हे परशरामला कळलं, माझ्या भावाला. ट्रक त्याचा.
हायवेचं झालं तसंच की गं अक्का,
पहिलं गावातनं जायचो, भजी खायचो,
आता गाव डावीकडं दिसतंय आणि सुटतंय.
आणि तो भजीवाला?
हाय की. बसलेला असतोय.

त्या रात्री झोप नाही.
पाणी प्यायला उठले चारदा,
दर वेळी तो भजीवाला,
तेल तापवून रस्त्याकडं बघणारा.

निपाणीच्या मालू वन्संनी स्लीव्ह केलं.
बेचाळीस किलो उतरल्या,
त्यांची ब्लाउजं आत घेऊन घेऊन मी थकले.
पण रात्री आंबट वर येतं,
तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतात.
माझ्या छातीत तर आत्ताच जळतं,
साखर दोनशे ऐंशी.
म्हणून डॉक्टरांचं बोट बायपासवर थांबलेलं.
गोळ्या जन्मभर, म्हणाल्या. चुकवायच्या नाहीत.
गोड खाल्लं तर घाम फुटेल, छाती धडधडेल.
कुंदा?
बेळगावात हा प्रश्न त्या रोज ऐकत असणार.
एक चमचासुद्धा विचार करून, म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

गल्लीत सल्ले फुकट आहेत.
चालायला जा की. भात सोड. गरम पाणी पी.
पायाचं मशीन चालवून माझे गुडघे गेले,
ते कुणी मोजत नाही.
एकशे अठरा किलो मोजतात,
तेही डोळ्यांनी.

काल दुकान लवकर बंद केलं.
दोन टेपा टाचणीनं जोडल्या,
आरशासमोर उभी राहिले, पोट आत न ओढता.
आकडा गिऱ्हाइकांच्या वहीत लिहिला,
नाव, छाती, कंबर, तारीख,
आणि पुढच्या रकान्यात, जिथं मी
‘बोटनेक’ नाहीतर ‘कटोरी’ लिहिते, तिथं: बायपास.
साखरेसाठी. जळजळीसाठी. लोकांना हेच सांगेन.
खरं म्हणजे एवढं कापड
कापून टाकून देणं मला जमेना.
राहू दे ते आत, बिनकामाचं,
दोन बोटं माया म्हणून.

कुलूप लावताना समोरून गंगव्वा,
रोजच्यासारखी:
ऊट आयता?
आयतु, असं ओठांवर आलंच होतं.
इन्नू इल्ला, म्हटलं. अजून नाही.
आणि ती म्हणाली, मग ये की, भाकरी टाकूलालोय.